मोटारसायकलच्या मीटरमधील पाणी आणि काचेवरची वाफ कशी घालवावी

मीटरच्या काचेवर आतून वाफ धरलेली दिसली, की लगेच सिलिकॉनची नळी घेऊन प्रत्येक फट बुजवण्याची घाई बहुतेक जण करतात, आणि बरे होण्याजोगे मीटर तिथेच कायमचे बिघडते. मीटर हा हवाबंद डबा नसतो. त्याच्या तळाशी किंवा मागच्या बाजूला हवा आत-बाहेर जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेले एक बारीक छिद्र असते. कधी त्यावर पातळ पडदा असतो, कधी छोटी रबरी नळी. हे छिद्र मोकळे आणि खालच्या बाजूला राहील एवढे पाहिले, तर पुढची निम्मी दुरुस्ती करावीच लागत नाही.

हे छिद्र कशासाठी असते ते आधी लक्षात घ्यावे. उन्हात आणि इंजिनाच्या उष्णतेत मीटरमधली हवा 50 अंशांपर्यंत तापलेली असते. अशा वेळी अंगावर पाऊस आला किंवा धुण्याचे गार पाणी पडले आणि ती हवा 25 अंशांवर उतरली, तर आतला दाब सुमारे 8 टक्क्यांनी कमी होतो आणि मीटर बाहेरून काही ना काही आत ओढतेच. तळाचे छिद्र मोकळे असेल तर हवा येते. ते चिखलाने किंवा पॉलिशने बुजलेले असेल, तर काचेच्या कडेची जी ओ-रिंग (गोल रबरी कडी) एरवी पाणी सहज अडवते, तिच्याच बाजूने पाणी खेचले जाते. मीटरमध्ये पाणी गेल्याची जी प्रकरणे माझ्या हातून गेली, त्यांत फुटलेल्या काचेपेक्षा बुजलेले छिद्र कितीतरी अधिक वेळा सापडले.

म्हणून पहिले काम निदानाचे आहे. थंड सकाळी किंवा धुतल्यानंतर काचेच्या कोपऱ्यात पुसट वाफ धरली आणि गाडी चालू लागल्यावर काही वेळात विरली, तर तो दोष नव्हे. छिद्र तपासून साफ करावे आणि मीटरला हात लावू नये. वाफ दिवसेंदिवस टिकते, काचेवर थेंब ओघळतात, किंवा तळाशी पाण्याची रेघ दिसते, तेव्हाच मीटर काढावे. गाडी वॉरंटीत असेल तर ते स्वतः उघडू नये. वाफेचे फोटो काढून ठेवावेत आणि गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवावी.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून कपलर (वायरींचा जोड) आणि केबल काढावी आणि मीटर बाहेर घ्यावे. काट्यांची मीटर पालथी ठेवू नयेत.

आता खरा अवघड टप्पा येतो, तो म्हणजे पाणी नेमके कुठून शिरले ते शोधणे. मलाही सर्वांत जास्त झगडावे लागले ते इथेच, कारण थेंब जिथे दिसतात तिथून पाणी आलेले असतेच असे नाही. आतली वाफ नेहमी सर्वांत गार पृष्ठभागावर धरते, आणि तो पृष्ठभाग बहुधा काचच असतो. त्यामुळे पाणी मागच्या बल्ब-होल्डरच्या रबरातून शिरले तरी खुणा समोरच दिसतात, आणि माणूस निर्दोष काचेच्या कडा बुजवत बसतो.

आधी टॉर्चच्या प्रकाशात, तिरक्या कोनातून, आतली बाजू नीट पाहावी. पाणी वाळताना मागे पांढुरकी किंवा मातकट रेघ सोडते. ती रेघ वरच्या दिशेने शोधत गेल्यास पुष्कळदा थेट उगमाशी पोहोचता येते. नंतर संशयाच्या जागा एकेक करून तपासाव्यात: ट्रिप शून्यावर आणणाऱ्या नॉबचे रबरी टोपण, स्पीडोमीटर केबलच्या तोंडाचे रबर, बल्ब-होल्डरचे रबर, वायरींचा जुडगा आत जातो तिथली बूच, आणि सर्वांत शेवटी काचेची कड. नॉबचे टोपण उन्हाने कडक होऊन तळाशी चिरलेले असते, पण ते दाबून ताणल्याखेरीज चीर दिसत नाही.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर हवेची चाचणी करावी, आणि माझ्या मते ती मीटर वाळवण्याआधीच करावी. तळाच्या छिद्रावर पडदा नसेल तर त्यात बारीक नळी बसवावी, इतर मुद्दाम ठेवलेली छिद्रे चिकटपट्टीने तात्पुरती झाकावीत, सर्व सांध्यांवर ब्रशने साबणाचा फेस लावावा आणि कॅमेऱ्याची धूळ उडवण्याच्या रबरी फुग्याने हळूहळू हवा सोडावी. जिथे बारीक बुडबुडे सलग उठत राहतात, तीच वाट. फेस लावलेला असताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहू द्यावा, म्हणजे साबणाचे पाणी आत जात नाही. कॉम्प्रेसरची हवा चुकूनही वापरू नये. चांगले सांधे उखडतात आणि एका गळतीच्या चार होतात. तोंडाने फुंकणेही टाळावे, कारण उच्छ्वासातली हवा दमट असते. छिद्रावर पडदा असेल तर त्याला सुई लावू नये; तो मऊ ब्रशने साफ करावा आणि चाचणीसाठी केबलचे किंवा नॉबचे तोंड वापरावे. चाचणी संपली की चिकटपट्ट्या आठवणीने काढाव्यात.

वाळवण्याच्या बाबतीत लोक फार कमी वेळ देतात. अर्धा लिटर पोकळीतली हवा 25 अंशांना पूर्ण दमट झाली तरी तिच्यात जेमतेम 12 मिलिग्रॅम वाफ मावते, आणि पाण्याचा एक साधा थेंब सुमारे 50 मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे डायलच्या मागे लपलेला एकच थेंब काच पुन्हा पुन्हा धुरकट करायला पुरतो. मोठी तोंडे उघडी ठेवून मीटर झाकणाच्या डब्यात 100 ग्रॅम सिलिका जेलसह किमान दोन दिवस ठेवावे. नारिंगी रंगाचे दाणे घ्यावेत. ते हिरवे पडले की 120 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात. तांदळात मीटर पुरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तांदूळ ओलावा सावकाश शोषतो आणि त्याची पूड मीटरच्या तोंडांतून आत जाते, म्हणून तो सल्ला सोडून द्यावा. हेअर ड्रायरचा गरम झोत तर काचेवर मुळीच मारू नये. आतले पाणी वाफ होऊन आणखी खोल जाते आणि डिजिटल पडदा काळवंडू शकतो.

मीटर वाळले की नाही हे डोळ्यांना दिसते त्यावर ठरवू नये. खोलीच्या तापमानाला आलेल्या मीटरची सगळी तोंडे झाकून काचेच्या मधोमध बर्फाच्या पाण्यात बुडवून पिळलेले फडके पाच मिनिटे ठेवावे आणि उचलताच बाहेरची बाजू पुसावी. ज्या जागी फडके होते तिथेच आतून दुधाळ डाग उमटला, तर ओलावा शिल्लक आहे आणि मीटर परत डब्यात गेले पाहिजे. डाग उमटला नाही तरच पुढे जावे.

बंद करताना कडक झालेली रबरे बदलावीत आणि नव्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. सिलिकॉन सीलंट लागलेच तर ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते वापरू नये. सुकताना सुटणारे ॲसेटिक आम्ल सर्किटवरील तांबे खाते. न्यूट्रल प्रकारचे सीलंट फक्त सापडलेल्या फटीवर लावावे आणि 24 तास सुकू द्यावे. काच पेट्रोल, थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नये. ही काच बहुधा पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकची असते आणि तिला त्याने बारीक तडे जातात. ज्यांची काच कारखान्यातच चिकटवलेली किंवा वितळवून जोडलेली असते अशी डिजिटल मीटर फोडून उघडण्याच्या मी विरोधात आहे. ती तळाच्या छिद्रातूनच वाळवावीत, मग दोनाच्या जागी पाच दिवस लागले तरी चालेल. सिलिका जेलची पुडी मीटरच्या आत कायमची ठेवण्याची युक्तीही टाळावी. मीटर हवा ओढत राहते, पुडी थोड्याच दिवसांत भरते आणि पुढे प्रत्येक उन्हात तीच पुडी साठवलेली वाफ सोडू लागते.

मीटर बसवताना तळाचे छिद्र वायरींनी दाबले जात नाही हे पाहावे, कपलरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस लावावे आणि बॅटरी जोडावी. पहिल्या पावसानंतर गार फडक्याची चाचणी पुन्हा एकदा करावी. तेव्हा डाग उमटला, तर आधी छिद्र तपासावे आणि ते मोकळे असेल तरच मीटर परत काढून फेसाच्या चाचणीकडे वळावे. धुताना प्रेशर वॉशचा झोत मीटरवर मारू देऊ नये, आणि तापलेल्या गाडीवर गार पाणी ओतण्याआधी ती अर्धा तास सावलीत उभी करावी.