घरसभेत नव्या कराराचा अभ्यास कसा घ्यावा

“नवा करार” म्हटलं की घरसभेतली निम्मी माणसं मत्तयाचं, म्हणजे त्यातल्या पहिल्या पुस्तकाचं, पान काढतात. मराठीत पुस्तकांच्या संग्रहाला आणि देवाने केलेल्या कराराला शब्द एकच. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाका: आज 27 पुस्तकांबद्दल बोलायचं नाही, देवाच्या एका अभिवचनाबद्दल बोलायचं आहे. आणि ते पहिल्यांदा या नावाने येतं जुन्या करारात, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात.

तासाभराची बैठक आणि दहा-बारा माणसं असतील तर चार उतारे पुरतात: निर्गम 24:3-8, यिर्मया 31:31-34, लूक 22:19-20, इब्री 8:6-13. चार वाचणारे आदल्या दिवशीच ठरवा. एप्रिल-मेमधली नागपूरची संध्याकाळ असेल तर वाचनापुरता कूलर बंद करा. त्याच्या घरघरीत मागे बसलेल्यांना अर्धं वाक्य ऐकूच जात नाही, आणि इथे क्रियापद चुकलं की अर्थच जातो. उकडेल, पण चार उताऱ्यांना किती वेळ लागतो!

टेबलावर घरातला एखादा जुना भाडेकरार ठेवा. 11 महिन्यांची मुदत, डिपॉझिट, खाली दोघांच्या सह्या. आता निर्गम वाचा. सीनाय डोंगराच्या पायथ्याशी मोशे कराराचं पुस्तक वाचून दाखवतो, लोक म्हणतात “परमेश्वराने सांगितलेलं सगळं आम्ही करू”, आणि बैलांचं अर्धं रक्त वेदीवर, अर्धं लोकांवर शिंपडलं जातं. शब्द दोन्हीकडून दिला गेला. पुढे काय झालं ते विचारा. लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजलं, हे कोणाला तरी आठवतंच. भाडेकराराची तुलना मात्र इथेच थांबवा. इस्राएलाला मिसरातून सोडवलं आधी, आज्ञा दिल्या नंतर. असा घरमालक कुठे असतो?

यिर्मयाला निदान 25 मिनिटं द्या. सगळ्यांच्या हातात पेन्सिल असू द्या आणि देव ज्यांचा कर्ता आहे ती क्रियापदं अधोरेखित करायला सांगा: करीन, ठेवीन, लिहीन, होईन, क्षमा करीन, स्मरणार नाही. मराठी क्रियापद कर्त्याला लपू देत नाही, त्यामुळे हे काम शाळकरी पोरंही बिनचूक करतात. मग विचारा, “आम्ही करू” असं लोक कुठे म्हणतात? त्यांनी मागचा करार मोडला हे सापडतं, पुढे ते देवाला ओळखतील हेही सापडतं. सीनायपाशी दिलेला तो शब्द मात्र इथे नाही. उत्तर लगेच देऊ नका, शोधू द्या.

“मंग आपल्याले काहीच करायचं नाही का?” हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर 33व्या वचनात आहे. नियमशास्त्र फेकून दिलेलं नाही, ते दगडी पाट्यांवरून हृदयावर आलं आहे. यहेज्केल 36:26-27 जोडीला वाचा, म्हणजे आज्ञा पाळायचं बळ कुठून येतं तेही कळेल: देव आपला आत्मा आत घालतो. 34व्या वचनातलं “स्मरणार नाही” म्हणजे देव विसराळू आहे असं नव्हे. मिटवलेला हिशेब तो पुन्हा उघडणार नाही.

लूकचा उतारा छोटा आहे. येशू प्याल्याला आपल्या रक्तातला नवा करार म्हणतो. निर्गमातल्या रक्ताशेजारी ते ठेवलं की बाकी सांगावं लागत नाही. इब्री 8 मध्ये यिर्मयाचा तोच उतारा जवळजवळ जसाच्या तसा येतो, तो धावता वाचला तरी चालेल. तिथून इब्री 9:16-17 कडे जा. ग्रीक ‘दियाथेके’ या शब्दाचा अर्थ करार आणि मृत्युपत्र, दोन्ही होतो. आता भाडेकरार उचलून बाजूला ठेवा. मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही लागते, दोन साक्षीदार लागतात. वारसाची सही लागत नाही. ते अमलात येतं करणाऱ्याच्या मृत्यूनंतर. वारसाने फक्त स्वीकारायचं. ते स्वीकारणं म्हणजेच विश्वास.

अभ्यास हमखास घसरतो तो सौद्याकडे: मी दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देतो, देवाने बरकत द्यावी. दुसरी चूक म्हणजे जुना करार वाईट ठरवणं. इब्री 8:8 मध्ये दोष लोकांना दिला आहे. यिर्मया इस्राएल आणि यहूदा या घराण्यांची नावं घेतो, मग हा करार आज कोणाशी, यावरून मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. सभेत वेगवेगळ्या चर्चची माणसं असतील तर तो वाद तासात मिटत नाही, काढू नका. आणि शेवटी सरबताचे पेले फिरवून प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी) उरकू नका. बहुतेक मंडळ्यांत ते दीक्षित पाळकाचं काम आहे.

शेवटची दहा मिनिटं प्रत्येकाने एक अभिवचन आपल्या शब्दांत सांगावं. कोणी म्हणेल, “देव मला क्षमा करील, जर मी...” त्या ‘जर’पाशी थांबवा आणि यिर्मयात तो दाखवायला सांगा. तेवढ्यात कोणी 1 योहान 1:9 काढलं तर उत्तमच, कारण ‘जर’ तिथे आहे. मग एवढंच विचारा: पाप कबूल करणं ही क्षमेची किंमत आहे, की वारसाने पुढे केलेला हात?