मुंबईत नवीन आलात? एग व्हाइटची बाटली घेण्याआधी हे वाचा

२०११ च्या जूनमध्ये मी लातूर एक्स्प्रेसनं सीएसटीला उतरले, तेव्हा सोबत दोन बॅगा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता. पुढचे आठ महिने सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वडापाव आणि रात्री रूमवर पातळ खिचडी. केस गळायला लागले, दादरचा पूल चढताना दम लागायचा. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९. गावाकडून येणाऱ्या प्रत्येक पोरीला आता मी आधी खाण्याचं विचारते, नोकरीचं नंतर.

हल्ली बऱ्याच जणी विचारतात, ताई, ते बाटलीतलं लिक्विड एग व्हाइट, म्हणजे अंड्याचा नुसता पांढरा बलक, घेऊ का? स्वस्त पडतं का?

हिशेब असा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अख्ख्या अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास असतात, त्यातली साडेतीन पांढऱ्या बलकात. बाटलीतल्या १०० मिलीमध्ये १० ते ११ ग्रॅम. म्हणजे एक लिटरची बाटली म्हणजे साधारण तीस अंड्यांचा पांढरा बलक, सगळी मिळून १०५ ग्रॅम प्रथिनं. तीस अंड्यांचा ट्रे अख्खा खाल्ला तर १८० ग्रॅम. दुकानात उभ्या उभ्या बाटलीची किंमत १०५ नं भागा, ट्रेची १८० नं. मी जितक्या वेळा भागलं तितक्या वेळा ट्रेच स्वस्त निघाला. त्यामुळे केवळ पैसे वाचवायला बाटली घेत असाल तर घेऊ नका. खालच्या वाण्याकडून डझनानं अंडी आणा. ट्रे मात्र संध्याकाळच्या लोकलमधून आणायच्या फंदात पडू नका.

मग मी स्वतः बाटली का आणते? कारण सकाळी माझ्याकडे वीस मिनिटं असतात. फोडायचं नाही, टरफलं नाहीत, वेगळं करताना पिवळा बलक फुटत नाही. तव्यावर ओतलं, झाकण ठेवलं, तोवर वेणी होते. इतकी वर्षं ८.१२ ची लोकल पकडून मला कळलंय की जे पाच मिनिटांत होत नाही ते आठवडाभरात बंद पडतं आणि आपण परत बिस्किटांवर येतो.

पण पिवळा बलक पूर्ण सोडू नका. लोह, बी-१२, ड आणि अ जीवनसत्त्व बहुतेक सगळं पिवळ्यातच असतं. पांढऱ्यात प्रथिनं आणि पाणी. माझ्यासारखं हिमोग्लोबिन कमी असलेल्या पोरीनं नुसता पांढरा बलक खाऊन चालत नाही. (अंड्यातलं लोह अंगी कमीच लागतं, तेव्हा पालेभाजी आणि वर लिंबूही हवंच.) माझी रोजची भुर्जी एक अख्खं अंडं आणि वर १०० मिली बाटलीतलं, अशी असते. सोळा-सतरा ग्रॅम प्रथिनं सकाळीच पोटात जातात. कांदा, हिरवी मिरची, हळद आधी परतून घ्या, मग गॅस बारीक करा. मोठ्या आचेवर पांढरा बलक रबरासारखा चिवट होतो. कंटाळा आला की ज्वारीच्या पिठाच्या धिरड्यात पाण्याऐवजी हेच घालते, धिरडं छान सुटून येतं. डॉक्टरांनी ज्यांना पिवळा बलक कमी करायला सांगितलाय त्यांचं वेगळं, त्यांना बाटली खरंच सोयीची. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

कच्चं पिऊ नका. जिममधली मुलं ग्लासात ओतून पितात, ते बघून करू नका. शिजवलेल्या अंड्यातली प्रथिनं शरीराला कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त लागू पडतात. शिवाय कच्च्या पांढऱ्यात अॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिन नावाचं जीवनसत्त्व बांधून ठेवतं. बायोटिन केसांना लागतं, आणि आपण केस गळतात म्हणून तर अंडी सुरू केली. बाटलीवर ‘पाश्चराइज्ड’ (जंतू मरावेत म्हणून तापवून घेतलेलं) लिहिलेलं, तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक बघा. सुटं, बिनलेबलचं अजिबात घेऊ नका.

मुंबईत खरी अडचण फ्रिजची. पहिली बाटली मी मे महिन्यातल्या एका रविवारी दादरहून घेतली आणि मेगाब्लॉकमध्ये (रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद किंवा कमी असतात तेव्हा) डोंबिवलीपर्यंत अडीच तास अडकले. घरी पोचेस्तोवर बाटली कोमट झाली होती. पैसे गेल्याचं वाईट वाटलं तरी ओतून दिली. तेव्हापासून घराजवळच्या दुकानातूनच घेते, तीही शेवटी, बाकी सामान झाल्यावर. फ्रिजच्या दारात ठेवू नका, तिथं सतत गरम हवा लागते. आत मागच्या बाजूला ठेवा. उघडल्यावर किती दिवस चालेल ते लेबलवर लिहिलेलं असतं, तेवढेच दिवस. चौघींचा एक फ्रिज असेल तर बाटलीवर नाव आणि उघडल्याची तारीख मार्करनं लिहा.

आणि डिपॉझिट देण्याआधी घरमालकाला स्पष्ट विचारा: अंडं चालेल का? घाटकोपरला माझ्या दुसऱ्या रूमवर काकूंनी सामान लावून झाल्यावर सांगितलं की स्वयंपाकघरात अंडं नको. बाटलीतलं कुणाला कळत नाही म्हणून लपवून वापरायचं काही जणी सुचवतात. मी तसं करणार नाही. ज्यांचं घर त्यांचा शब्द. अशा ठिकाणी फुटाणे, शेंगदाणे, दही, सोयाबीनच्या वड्या यांवर भागवा. सोयाबीनच्या कोरड्या वड्यांत १०० ग्रॅमला पन्नासएक ग्रॅम प्रथिनं असतात, अंड्याला त्या सहज मागे टाकतात. मी त्या काकूंकडे दीड वर्ष या वड्यांवरच काढलं.

एकटीला लिटरची बाटली संपत नाही. मी उघडल्याच दिवशी निम्मी बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवते. दोन मोठे चमचे मावणारा एक खण म्हणजे जवळपास एका अंड्याचा पांढरा बलक. गोठले की खडे डब्यात काढा आणि रात्री झोपताना हवे तेवढे वाटीत घालून खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर उघडे ठेवू नका. सकाळी सुटलेले असतात, तसेच तव्यावर.