पहुडलेली नग्नाकृती पेन्सिलने रेखाटताना

पहुडलेला देह रेखाटताना बहुतेक जण डोक्यापासून सुरुवात करतात आणि चित्र तिथेच बिघडते, कारण अशा देहाचा सगळा डौल तो जमिनीला कुठे आणि किती टेकला आहे यावर अवलंबून असतो. म्हणून खांदा, नितंब आणि टाच सतरंजीवर कुठे टेकली आहे, हे आधी एचबी पेन्सिलने फिकट खुणा करून नोंदवावे. कंबरेखाली उजेडाची जी चिंचोळी फट उरते तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. तिचा आकार बरोबर आला की पाठीचा बाक बराचसा साधतो.

नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी चांगलाच गारठा असतो, तेव्हा मॉडेल येण्याच्या अर्धा तास आधी हीटर लावावा, कारण थंडीने आखडलेल्या अंगात विसावा दिसत नाही. मानधन, पोझची वेळ आणि विश्रांती आधी ठरवून घ्यावी, दार बंद ठेवावे आणि सर्वांचे मोबाइल खोलीबाहेर असावेत. यात मला कोणतीही सवलत मान्य नाही. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि त्यावर जोर दिलेली रेषा खोडताना तंतू उठतात, म्हणून कोरे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवावेत.

आधुनिक वळणाच्या रेखाटनात छटांपेक्षा रेषेवर भिस्त असते. काखेपासून गुडघ्यापर्यंतची रेषा मनगट न टेकता, खांद्यातून हात फिरवत, ४बी पेन्सिलने एका दमात काढावी. नितंबाखाली, जिथे भार पडतो, तिथे दाब वाढवावा आणि कंबरेवर रेषा जवळजवळ विरू द्यावी. अवयव लांबवायचे किंवा सपाट करायचे असतील, तर ते निरीक्षणानंतरच करावे. फ्रेंच चित्रकार आंरी मातिसने १९३५ साली पहुडलेली गुलाबी नग्नाकृती रंगवताना २२ टप्प्यांची छायाचित्रे ठेवली, आणि सुरुवातीला बराचसा वास्तवदर्शी असलेला देह हळूहळू सपाट व लांबट कसा झाला, हे त्यांत दिसते. आपणही पहिल्या रेखाटनावर ट्रेसिंग पेपर ठेवून दर वेळी एकच बदल करावा. मांडी लांबवली, तर त्या फेरीत चित्रातल्या हातात बदल करू नये, म्हणजे कोणत्या बदलाने तोल गेला ते कळते.

चेहऱ्याला दोन-तीन रेषा पुरतात. काम झाल्यावर मोकळ्या हवेत सुमारे ३० सेंटिमीटरवरून फिक्सेटिव्हचा (पेन्सिलची रेषा पुसू नये म्हणून मारायच्या द्रावणाचा) हलका फवारा मारावा आणि तो सुकेपर्यंत कागद आडवाच ठेवावा.