‘व्हेरी डिटर्मिन्ड’ म्हणजे हट्टी: यॉर्कशायरला नव्याने येणाऱ्यांसाठी

मुलगी तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तिला आणायला नर्सरीत गेले, तर तिथल्या बाई गोड हसून म्हणाल्या, “शी इज अ व्हेरी डिटर्मिन्ड लिटल गर्ल, इजन्ट शी?” मला कोण आनंद! रात्री कराडला आईला फोन लावला, “पोरगी जिद्दीची आहे म्हणाल्या बाई.” आईनेही लगेच दृष्ट काढायला सांगितली. दोन दिवसांनी हेच कौतुक शेजारच्या आजींना ऐकवलं, तर त्या खो खो हसत सुटल्या. “लव्ह, म्हणजे ती कोट घालायला तयार नाही!” खरंच तसं होतं. थंडीचे दिवस, सगळी पोरं कोट घालून मैदानात, आणि आमच्या बाईसाहेब तीन दिवस दारात फतकल मारून बसलेल्या.

(‘लव्ह’ने दचकू नका. इथे बसचा ड्रायव्हर, भाजीवाली, दवाखान्यातली नर्स सगळेच म्हणतात. आपलं ‘बाळा’ किंवा ‘ताई’ समजा.)

लीड्समध्ये (उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधलं शहर) मला आता एकोणीस वर्षं झाली. नवीन आलेली मंडळी घर कुठे घ्यावं, डाळी कुठे मिळतात, कौन्सिल टॅक्स म्हणजे काय, हे सगळं विचारतात. इंग्रजीबद्दल कुणी विचारत नाही, कारण इंग्रजी येतंच. तेच तर दुखणं आहे. शब्द येतो, पण तो कुणासाठी वापरायचा आणि कुठल्या शब्दाला चिकटून येतो, ते शाळेत कुणी शिकवलेलं नसतं. जिद्द, निश्चय, चिकाटी या गोष्टींत तर हमखास घोळ होतो. या भांडवलावर तर आपण इथवर आलो आणि त्याबद्दल बोलायला आपल्याला आवडतं.

गंमत पाहा. ‘जिद्द’ शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. हिंदीत त्याचा अर्थ हट्ट असाच राहिला, ‘ज़िद मत करो’ म्हणतात. मराठीत आल्यावर मात्र तो मानाच्या पाटावर बसला आणि वाईट अर्थ ‘हट्ट’, ‘हेका’, ‘दुराग्रह’ यांनी वाटून घेतला. इंग्रजी ‘डिटर्मिन्ड’ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. मोठ्या माणसाबद्दल म्हटलं तर बहुतेक वेळा कौतुक. तीन वर्षांच्या पोराबद्दल हसून म्हटलं तर समजून घ्या. ‘शी नोज हर ओन माइंड’ हेही त्याच माळेतलं.

आधी उच्चाराचं सांगून टाकते. तो शब्द ‘डिटरमाईन्ड’ नाही, ‘डिटर्मिन्ड’ आहे. ‘माईन’ नाही, ‘मिन’. मीही पहिलं वर्षभर ‘माईन्ड’च म्हणत होते आणि कुणीही मला दुरुस्त केलं नाही. इथे कुणी करत नाही, फक्त एक क्षण थांबून बोलणं पुढे नेतात. आणि ‘डिटर्मिन्ड’च्या मागे ‘टू’ येऊन क्रियापद येतं: ‘आय ॲम डिटर्मिन्ड टू फिनिश’. ‘डिटर्मिन्ड फॉर फिनिशिंग’ आपल्या कानाला बरं वाटतं, त्यांच्या कानाला खडा लागतो.

आपण ‘विथ फुल डिटर्मिनेशन’ असं सर्रास लिहितो. ‘पूर्ण निर्धाराने’ डोक्यात असतं ना! इथे ‘डिटर्मिनेशन’च्या आधी ‘फुल’ बसत नाही. त्याच्या ठरलेल्या सोबती आहेत, आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. ‘शीअर डिटर्मिनेशन’ म्हणजे दुसरं काही हाताशी नसताना केवळ जिद्दीवर. ‘स्टीली डिटर्मिनेशन’ पोलादी, डोळ्यांत दिसणारी; ती दुसऱ्याबद्दल म्हणायची, स्वतःबद्दल म्हटली तर ऐकणारा ओठ दाबून हसतो. ‘ग्रिम डिटर्मिनेशन’ दात-ओठ खाऊन केलेली, तिच्यात आनंद नसतो, पावसात मॅरेथॉनचे शेवटचे मैल पळणाऱ्याच्या तोंडावर असते तशी. नोकरीच्या अर्जात ती लिहू नका. आणि माझी लाडकी ‘डॉगिड डिटर्मिनेशन’: कुत्र्याने हाड धरावं तशी, सुटता न सुटणारी. आपला ‘चिवट’ हा शब्द तिला नेमका बसतो. इथे उच्चार दोन तुकड्यांत करायचा, ‘डॉ-गिड’. तोच शब्द क्रियापद झाला की ‘डॉग्ड’ होतो आणि अर्थ उलटतो: ‘डॉग्ड बाय इंज्युरीज’ म्हणजे दुखापतींनी पिच्छा पुरवलेला.

‘स्टबर्न’ कुणाबरोबर राहतो ते पाहायचं तर सुपरमार्केटात साबणांच्या रांगेत जा. जिथे तिथे ‘स्टबर्न स्टेन्स’. न निघणारे डाग. हा शब्द डागांबरोबर, खेचराबरोबर आणि रुसलेल्या नवऱ्याबरोबर राहतो, म्हणून ‘आय ॲम व्हेरी स्टबर्न अबाउट क्वालिटी’ म्हणताना जरा जपून. ‘पर्सिस्ट’ औषधांच्या पेटीवर भेटेल: ‘इफ सिम्प्टम्स पर्सिस्ट’, दुखणं हटेना तर डॉक्टरांकडे जा. (तीन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर जीपीला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, दाखवा असं एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सांगते. आपण आलं-मध करत दोन महिने काढतो, ते करू नका.) आता विचार करा, जो शब्द खोकल्याला लावतात तो साहेबाने तुम्हाला लावला, “यूव्ह बीन व्हेरी पर्सिस्टंट,” तर त्याला काय म्हणायचं असेल? चिकाटी असेलही. पण बहुतेक वेळा ‘फार तगादा लावलात’. चिकाटीचं निखळ कौतुक करायचं असेल तर तो ‘टेनेशस’ म्हणेल.

आणि ‘ब्लडी-माइंडेड’. एका ओळखीच्या मुलाने हा शब्द ऐकून आपला साहेब खुनशी आहे असा समज करून घेतला आणि आठवडाभर झोपला नाही बिचारा. रक्ताशी काही संबंध नाही. ब्लडी-माइंडेड म्हणजे आडमुठा, काम होऊ शकत असताना मुद्दाम अडवून धरणारा. ‘पिग-हेडेड’ म्हणजे हेकट, स्वतःचंच खरं करणारा. दोन्ही शब्द नुसते समजले तरी पुरे, वापरू नका. मात्र इथली माणसं असली विशेषणं कधीकधी छातीवर बिल्ल्यासारखी लावून फिरतात. जुलै 2016 मध्ये केनेथ क्लार्क या ज्येष्ठ नेत्यांनी, कॅमेरा चालू आहे हे लक्षात न येता, थेरेसा मे यांना ‘ब्लडी डिफिकल्ट वुमन’ म्हटलं. बाईंनी रागावण्याऐवजी तेच आपलं ब्रीद करून टाकलं, आणि त्याच महिन्यात पंतप्रधान झाल्या.

मुलाखतीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे नुकसान होतं. आपण उत्साहाच्या भरात म्हणतो, “आय विल कम्प्लीट इट बाय हुक ऑर बाय क्रुक.” आपल्या डोक्यात ‘काही झालं तरी’. त्यांच्या कानाला ‘सरळ नाही तर वाकड्या मार्गाने’ असंही ऐकू जातं, आणि हिशेब खात्यातल्या नोकरीसाठी हे ऐकवणं काही बरं नव्हे. हो, हे खरंच बोलून आलेला उमेदवार आमच्याच गावाकडचा होता. ‘हेल-बेंट ऑन’चंही तसंच: तो वाटेल ती तोडफोड करायला निघालेल्याचा शब्द आहे. ‘लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड’ शोध घेताना, पोलिसांच्या तोंडी शोभतं. ‘विक्री वाढवण्यासाठी एकही दगड उलटायचा ठेवणार नाही’ ऐकून समोरचा गोंधळतो. ‘ट्राय माय लेव्हल बेस्ट’पेक्षा ‘डू माय लेव्हल बेस्ट’ जास्त रूढ आहे, पण तेही जरा जुन्या वळणाचं.

मग म्हणायचं काय? ‘सी इट थ्रू’ हे तीन शब्द खिशात ठेवा. आपलं ‘तडीस नेणं’ हेच. ‘आय सॉ इट थ्रू’ म्हटलं की पुरे. इथल्या मुलाखतीत ‘तुम्ही कसे आहात’ कमी आणि ‘एखादा प्रसंग सांगा’ जास्त विचारतात. परिस्थिती, काम, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय झालं, या क्रमाने सांगायचं. त्याला ‘स्टार’ पद्धत म्हणतात. ‘मी फार जिद्दी आहे’ या वाक्याला त्यात जागाच नाही. ‘सर्व्हर रात्री दोनला बंद पडला, पुरवठादाराने हात वर केले, मी सकाळी सहापर्यंत जुन्या बॅकअपवरून तो उभा केला’ इतकं सांगा, आणि ‘टेनेशस’ हा शब्द त्यांना त्यांच्या कागदावर लिहू द्या. स्वतःच्या निश्चयाबद्दल इथला माणूस फार तर ‘आय विल गिव्ह इट अ गो’ म्हणतो. पहिल्यांदा ऐकून मला वाटलं, याचं काही खरं नाही. पण ‘बघतो करून’ असं मोघम बोललेला तो सहकारी रविवारी ऑफिसात येऊन काम संपवून गेला. उलट ‘वी आर फुली कमिटेड’ असं पत्रात छापून आलं की मी सावध होते.

एक वेगळाच सापळा सरकारी पत्रांत आहे. घरामागे खोली वाढवायला आम्ही परवानगी मागितली, तर कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या पालिकेच्या) वेबसाइटवर ‘अवेटिंग डिटर्मिनेशन’ असं दिसायला लागलं. नवरा म्हणाला, आता यांना कसली जिद्द हवी आहे आपल्याकडून? तिथे त्याचा अर्थ ‘निर्णय’, बस्स. ‘युवर ॲप्लिकेशन हॅज बीन डिटर्मिन्ड’ म्हणजे अर्जाचा निकाल लागला, चांगला की वाईट ते पुढे वाचा. साध्या घरगुती अर्जाला निर्णयासाठी आठ आठवड्यांची मुदत असते. कोर्टकचेरीच्या भाषेतही हाच अर्थ चालतो.

आता ड्रायव्हिंग. इथे खरी चिकाटी लागते, आणि तिची सगळी भाषा तुम्हाला फुकट शिकायला मिळते. भारतातला परवाना इथे राहायला आल्यापासून 12 महिने चालतो, पुढे इथला काढावा लागतो. थिअरीच्या 50 प्रश्नांत 43 बरोबर लागतात, शिवाय धोका ओळखण्याची चाचणी. ती उत्तीर्ण झालात की दोन वर्षांत प्रत्यक्ष परीक्षाही उत्तीर्ण व्हायची, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. प्रत्यक्ष परीक्षेत 15 पर्यंत बारीक चुका माफ, पण एक गंभीर चूक झाली की संपलं. आणि पुढची परीक्षा निदान 10 कामाच्या दिवसांनंतर. पुण्यात बारा वर्षं गाडी चालवलेली माणसं इथे आपटतात, बहुधा आरशात न बघण्यावरून. मी दोनदा आपटले. पहिल्या वेळी राउंडअबाउटवर, दुसऱ्या वेळी झेब्रा क्रॉसिंगवर थांबून एका बाईंना जाऊ दिलं नाही म्हणून.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर माझे शिकवणारे मास्तर, साठीचे, तोंडात कायम मिंटची गोळी, गाडीतून उतरता उतरता म्हणाले, “कीप ॲट इट, लव्ह. यू’ल गेट देअर.” मी घरी येऊन रडले आणि पुन्हा पैसे भरले. ‘कीप ॲट इट’, ‘स्टिक ॲट इट’, ‘हँग इन देअर’ हे दुसऱ्याला धीर देताना म्हणायचं. ‘सोल्जर ऑन’ आजारी असून काम रेटणाऱ्यासाठी. ‘क्रॅक ऑन’ मात्र धीराचा शब्द नाही, ‘चला, लागा कामाला’ असा आहे, आणि यॉर्कशायरमध्ये दुःखाच्या बातमीनंतरसुद्धा थोडा वेळ गप्प राहून कुणीतरी तो म्हणतोच. निर्दयपणा समजू नका.

‘डिग इन’ मला क्रिकेटने शिकवला. 25 ऑगस्ट 2019, हेडिंग्ले. मैदान आमच्यापासून बसने वीस मिनिटांवर. इंग्लंडला जिंकायला 359 हव्या होत्या, पहिल्या डावात 67 वर गुंडाळले गेलेले. नऊ गडी बाद, अजून 73 बाकी, आणि स्टोक्सच्या जोडीला जॅक लीच. शेजारच्या बागेत आजोबांचा रेडिओ, कुंपणाच्या अलीकडे मी कपडे वाळत घालतेय. स्टोक्सच्या 135 चं कौतुक जगाने केलं. आजोबा मात्र लीचवर खूश: 17 चेंडू खेळला, एक धाव काढली, बाद झाला नाही. “ही डग इन, दॅट लॅड.” पाय रोवून उभा राहिला पोरगा. इकडे चिवटपणाचं कौतुक करायचं ते असं, मोजक्या शब्दांत.

याच आजोबांकडून ‘ग्रिट’ कळला. यॉर्कशायरचा हा कुलदैवतासारखा शब्द: जिद्द, पण बडबड न करणारी. पेनाइन डोंगरांतल्या खरखरीत दगडाचं नाव ‘मिलस्टोन ग्रिट’, कारण त्याची गिरणीची जाती करत. 1152 साली साधूंनी वसवलेला लीड्समधला मठ, किर्कस्टॉल ॲबी, त्याच दगडाचा. छप्पर गेलं, भिंती उभ्या आहेत. एकदा रविवारी जाऊन भिंतीवर हात फिरवून या, शब्द कळेल.

आणि ग्रिट म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साठू नये म्हणून टाकतात ती मिठाची खडीसुद्धा. चढाच्या रस्त्यांवर कोपऱ्यात पिवळ्या पेट्या दिसतील, त्या तिच्याच. ती सार्वजनिक रस्त्यासाठी आणि फुटपाथसाठी असते. पहिल्या हिवाळ्यात मी बादली घेऊन गेले आणि स्वतःच्या दारासमोरच्या पायऱ्यांवर सगळी ओतली. आजोबा पडद्याआडून बघत होते. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी दुकानातून आणलेली मिठाची पिशवी आमच्या दाराशी ठेवून गेले. नोव्हेंबरमध्येच आणून ठेवा, बर्फ पडल्यावर मिळत नाही.