कॅसिनोने गावाचं भलं होईल का, हे कसं तपासावं

पंचवटीत माझी खानावळ आहे, यात्रेकरू आले तरच चूल पेटते. म्हणून कुणी कॅसिनोची बाजू मांडली की आधी विचारा, खेळणारा जेवणार कुठे? गोव्यात मांडवीतल्या बोटींवर तिकिटातच बुफे आणि दारू मिळते, मग बाहेरच्या थाळीला कोण विचारतं! रामकुंडावर आलेलं कुटुंब दोन वेळा जेवतं, भांडी बाजारातून तांब्या घेतं, त्र्यंबकला गाडी करून जातं.

मग हरणारा कोण ते बघा. इथलाच रिक्षावाला हरला, तर त्याच्या घरचा किराणा तुटतो. परवाना फी राज्याच्या तिजोरीत जाणार, त्यातलं महापालिकेला किती, हे लेखी मागा.

महाराष्ट्राने कॅसिनोंना परवाने देण्याचा १९७६चा कायदा कधी लागूच केला नाही, २०२३मध्ये तो रद्द केला. योग्यच केलं.