केमोथेरपी सुरू असताना कोरोना झाल्यास काय करावे

कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला कोरोनाचा धोका सारखा नसतो. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा असे रक्ताचे कर्करोग असलेल्यांना तो सर्वाधिक असतो, कारण विषाणूशी लढणाऱ्या पेशीच आजाराने निकामी किंवा उपचारांनी कमी झालेल्या असतात. फुप्फुसाच्या कर्करोगातही आजार गंभीर होण्याची शक्यता बरीच असते. उपचार संपून काही वर्षे बऱ्या असलेल्या रुग्णाची जोखीम मात्र बहुधा त्याचे वय, मधुमेह आणि हृदयविकार यांवर अधिक अवलंबून असते.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, तर घरच्या चाचणीत कोरोना आढळला असला तरी त्याच वेळी रुग्णालय गाठावे. कोरोनासोबत जिवाणूसंसर्गही असू शकतो आणि पेशी कमी असताना तो काही तासांत जिवावर बेतू शकतो. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये, कारण त्याने ताप झाकला जातो. रुग्णालयात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ब्लड कल्चर (रक्तात जिवाणू आहेत का हे पाहणारी तपासणी) करण्याविषयी विचारावे.

ताप नसला तरी चाचणी पॉझिटिव्ह येताच कर्करोगतज्ज्ञांना कळवावे. निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर या कोरोनावरील गोळ्या लक्षणे सुरू झाल्यापासून ५ दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि त्यांतील रिटोनाव्हिर यकृतात इतर औषधांचे विघटन मंदावत असल्यामुळे कर्करोगाच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण घातक पातळीपर्यंत वाढू शकते. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, शक्य तर मूळ फाइलच, डॉक्टरांसमोर ठेवावी. या गोळ्या चालण्यासारख्या नसतील, तर शिरेतून ३ दिवस रेमडेसिव्हिर हे विषाणूविरोधी औषध देण्याचा पर्याय असतो.

एका गोष्टीविषयी मला विशेष काळजी वाटते. केमोच्या वेळी उलट्या थांबवण्यासाठी दिलेल्या डेक्सामेथासोनच्या गोळ्या अनेक घरांत उरलेल्या असतात, आणि कोरोनावर हे औषध चालते असे सर्वांनी ऐकलेले असते. ते ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांसाठी उपयोगी ठरले आहे. सौम्य आजारात स्वतःहून घेतल्यास आधीच दुबळी प्रतिकारशक्ती आणखी दबते. ऑक्सिजनची पातळी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने दिवसातून काही वेळा मोजावी आणि ती ९४ टक्क्यांच्या खाली गेल्यास किंवा धाप लागल्यास वाट न पाहता रुग्णालयात जावे. केमोने नखे काळवंडली असतील तर आकडा चुकू शकतो, म्हणून दुसऱ्या बोटावरही पाहावे.

कर्करोगाचे उपचार मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. २०२० च्या टाळेबंदीतही मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने उपचार सुरू ठेवले होते, कारण कर्करोग वाट पाहत नाही. केमो काही दिवस पुढे ढकलता येते, परंतु डोके-मान किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रेडिएशन सुरू असताना पडलेला खंड महाग पडू शकतो. त्यामुळे त्याविषयी त्याच दिवशी विभागाला विचारावे.

रिटुक्सिमॅब हे लिम्फोमासारख्या कर्करोगांवरील औषध घेतलेल्यांमध्ये लशीमुळे प्रतिपिंडे फारशी तयार होत नाहीत, म्हणून लस शक्यतो ते औषध सुरू होण्यापूर्वी घ्यावी आणि घरातील इतरांनीही घ्यावी. अशा रुग्णांच्या शरीरात विषाणू कित्येक आठवडे, क्वचित काही महिनेही टिकतो. त्यामुळे विलगीकरण कधी संपवायचे हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे, आणि बरे वाटल्यानंतर ताप किंवा खोकला परतला तर चाचणी पुन्हा करून घ्यावी.