रुग्णांच्या नोंदी कंपनीला देण्याआधी

नाव आणि मोबाइल नंबरचे रकाने उडवले की नोंद निनावी झाली, असं समजू नका. पूर्ण जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येतात, असा अंदाज डेटाच्या गोपनीयतेच्या अमेरिकी अभ्यासक लतान्या स्वीनी यांनी २००० साली मांडला होता. म्हणून जन्मतारखेऐवजी वयोगट द्या, पिनकोडचे शेवटचे आकडे कापा. तपासण्यांच्या तारखा एका रुग्णापुरत्या सारख्याच दिवसांनी सरकवा. उपचारांमधलं अंतर बिघडत नाही.

मोबाइल नंबर नुसता हॅश करून, म्हणजे ठरलेल्या सूत्राने त्याचा सांकेतिक मजकूर बनवून देणं, हे निव्वळ समाधान. दहा आकडी सगळे नंबर हॅश करून जुळवणं संगणकाला अवघड नाही. रँडम क्रमांक द्या. कोणता क्रमांक कोणाचा, हा जुळणीचा तक्ता आपल्याकडेच ठेवा.

खरी गळती डॉक्टरांच्या शेऱ्यांतून होते. ‘मुख्याध्यापिका, जावई सोबत’ एवढंही ओळख पटायला पुरतं. शेरे शक्यतो देऊच नका. सोनोग्राफीच्या चित्रात कोपऱ्यात नाव उमटलेलं असतं. डायकॉम फाइलचं (वैद्यकीय चित्रांची फाइल) हेडर, म्हणजे चित्रासोबत साठवलेली रुग्णाची माहिती, पुसून ते जात नाही, तो भाग काळा करावा लागतो.

मग वय, लिंग, भाग यांच्या प्रत्येक गटातले रुग्ण मोजा. पाचांहून कमी भरले तर गट मोठा करा. दुर्मीळ आजाराच्या नोंदी सरळ वगळा. करारात पुन्हा ओळख पटवण्यास आणि डेटा पुढे विकण्यास स्पष्ट मनाई हवी.